अर्पणाच्या थैलीतला फोन

पाळक : आधी तू खाली उतर. तू शिडीवर आणि मी खाली, असं बोलायचं म्हणजे माझ्या मानेची परीक्षा.

वायरमन : दोनच हूक राहिलेत, पाळकसाहेब. सिनेमाचा पडदा काढून घडी घालून ठेवतो. ती पाच वाजता न्यायला येईल.

पाळक : ती म्हणजे? भिंगरीची आई येणार होती ना?

वायरमन : आई म्हणाली, त्या हॉलच्या पायरीवर मी पाय ठेवणार नाही. निरोप एवढाच, की माझ्या नवऱ्याने शिवलेला पडदा आहे, तुमच्याकडे राहायला नको. भिंगरीला पाठवतेय.

पाळक : आणि तू भिंगरीला सांगणार.

वायरमन : हो.

पाळक : काय सांगणार, ते माझ्यासमोर एकदा सरळ म्हण. काल तू माझ्या व्हरांड्यात बसून नुसता रडत होतास. निम्मं मला कळलंच नाही.

वायरमन : त्या शुक्रवारी सिनेमा चालू होता. मुलांचे फोन नेहमीसारखे अर्पणाच्या थैलीत. थैलीत एक फोन थरथरत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. मी उठलो, थैली उचलली आणि कपाटात टाकली. गायनमंडळाचे झगे ठेवतो ना, त्यांच्याखाली. मग तो ऐकू येईना. तिकडे घरी शिंपीकाका जमिनीवर पडून भिंगरीला फोन लावत होते.

पाळक : थैलीत तीस फोन होते. कुणाचा वाजतोय हे तुला काय माहीत?

वायरमन : वाजत होता ना.

पाळक : तेच म्हणतोय मी. तुझ्या जागी मी असतो तरी मी तेच केलं असतं.

वायरमन : तुम्ही नव्हतात.

पाळक : खाली ये रे बाबा. बस इथे. शिडी राहू दे. हे बघ, चार वर्षांपूर्वी मी तुला बोलावलं तेव्हा आपल्या तरुण संघात किती पोरं होती?

वायरमन : चार.

पाळक : चार. त्यातली दोन माझीच होती, आणि माझा थोरला भर प्रार्थनेत घोरायचा. मी त्यांना बायबलातली पत्रं शिकवत होतो, संदेष्टे शिकवत होतो. तू आलास आणि म्हणालास, पाळकसाहेब, यांना आधी एकत्र बसायला शिकवू. कॅरम आणलास. फुटबॉल आणलास. मग म्हणालास, सिनेमा दाखवू, आणि संपला की विचारू, यात क्षमा कुणी मागितली आणि कुणाला जड गेली. तेव्हा चर्चची वडीलमंडळी माझ्यावर किती तुटून पडली, आठवतं?

वायरमन : देवाच्या घरात थेटर.

पाळक : देवाच्या घरात थेटर! खजिनदारांनी तर तीन रविवार माझ्याशी हात मिळवला नाही. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो ते तुझ्यासाठी. आज तीस पोरं येतात. त्यातली दहा-बारा कोपऱ्यावर पत्ते कुटत बसायची, एक तर चोरीत सापडलेला. आता तू हे बोललास तर काय होईल? माकडाच्या हातात कोलीत. पुढच्या बैठकीत या हॉलला कुलूप लागेल. तीस पोरं परत कोपऱ्यावर.

वायरमन : लागू दे कुलूप.

पाळक : तुझ्या एकट्याच्या मनाला हलकं वाटावं म्हणून?

वायरमन : हलकं? पाळकसाहेब, तिच्या घरात काय चाललंय माहीत आहे तुम्हाला?

पाळक : मी दोनदा जाऊन आलो. प्रार्थना केली. आई शांत आहे, मुलगीही शांत आहे.

वायरमन : शांत आहेत कारण एकमेकींशी बोलत नाहीत. आईला वाटतं, पोरीने फोन बंद करून ठेवला. पोरीलाही तेच वाटतं. सतरा वर्षांची आहे ती.

पाळक : काळ जाईल तसं...

वायरमन : काळाने जाणार नाही ते. मी सांगितलं तर जाईल.

पाळक : आणि सांगून शिंपी परत येणार आहे का? डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढंच मी म्हणतो. लबाडी कर असं म्हणत नाही. गप्प राहा म्हणतोय.

वायरमन : मुठीत काय आहे ते मला माहीत आहे ना. तुम्हालाही कालपासून माहीत आहे. आणि थैलीची कल्पना माझी असली, तरी रविवारी व्यासपीठावर ती वर धरून दाखवली कुणी?

पाळक : मी.

वायरमन : काय म्हणालात तेव्हा?

पाळक : म्हणालो, आजच्या मुलांना सोनंनाणं नाही, फोन हाच जीव की प्राण. तो दोन तास देवापुढे ठेवतात, हे खरं अर्पण.

वायरमन : आणि अर्पण केलेलं परत काढत नाहीत. हेही तुम्हीच. तेवढ्या एका गोष्टीवर खजिनदारांनी मान डोलावली. मग मी तोच नियम केला. सिनेमा संपेपर्यंत थैलीला हात लावायचा नाही, कुणीही. पोरांना मजा वाटायची. मलाही वाटायची. माझी चूक तुमच्यावर ढकलत नाही मी. पण मला गप्प राहायला सांगताय ते माझ्यासाठी की तुमच्यासाठी, तेवढं बघा.

पाळक : मला काय वाटत असेल याचा विचार करतोस तू? पोरीचा फोन त्या थैलीत होता, एवढं मला पहिल्यापासून माहीत आहे. तीन रविवार झाले, अर्पण गोळा करताना थैली माझ्यासमोर येते आणि मी डोळे मिटून घेतो. मंडळीला वाटतं, पाळक प्रार्थनेत आहेत.

(दार ढकलल्याचा आवाज. भिंगरी आत येते.)

भिंगरी : येऊ का? खालचं फाटक लावलेलं होतं, मी मागून आले. अरे, पाळककाका पण! एक पडदा न्यायला एवढी कमिटी?

पाळक : ये बाळ, ये. कशी आहेस?

भिंगरी : जशी असते तशी. दादा, पडदा कुठाय? आई सहाला कामावरून येते. त्याच्या आत घरात पाहिजे.

वायरमन : हा काय. बस जरा. एक हूक राहिलाय.

भिंगरी : बसत नाही मी. तुम्ही काढा, मी खालचं टोक धरते. जमिनीला लागलं की बाबा ओरडायचे. म्हणजे... लागू नये.

पाळक : आई बरी आहे ना?

भिंगरी : बरी आहे. कामावर जाते, घरी येते, माझं ताट वाढते. मीठ कमी आहे म्हटलं तर मीठ देते. बोलत नाही. फक्त एकदा बोलली, नवव्या दिवशी. "तुझ्या हाताने बंद केलास." बस. तेव्हापासून माझं पण तोंड बंद. नाहीतर मी काय गप्प बसणारी आहे का? बाबांनी भिंगरी नाव काय उगाच ठेवलं होतं?

वायरमन : भिंगरे, मला तुला...

भिंगरी : एक विचारू, दादा? तुम्ही दाराशी उभे असता ना थैली घेऊन? मी फोन टाकला तेव्हा तुम्ही बघितलं होतं का? मी बटण दाबलं होतं का? मी रोज आठवून बघते. बाकीचे पूर्ण बंद करतात. मी नेहमी थरथर चालू ठेवते, नियम मोडून, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी दुपारी बाबा म्हणाले होते की छातीत जळजळतंय. मग मी त्या दिवशी तर नक्कीच चालू ठेवला असेल. असेल ना? पण सिनेमा संपून हातात आला तेव्हा पूर्ण मुका होता. थरथरसुद्धा बंद. अकरा फोन येऊन गेलेले. मग मीच केला ना बंद? दुसरं कोण करणार? पण मला ते आठवतच नाही. आपण एवढं मोठं काहीतरी करतो आणि आपल्याला आठवत नाही, असं होतं का?

पाळक : बाळ, असा विचार करून काही...

वायरमन : तू नाही केलास.

भिंगरी : तुम्ही बघितलंत?

वायरमन : मी केला.

पाळक : अरे, थांब जरा. भिंगरी, दादाचं मन थाऱ्यावर नाही, तीन आठवडे झोप नाही त्याला...

भिंगरी : काका, एक मिनिट. काय केलंत तुम्ही?

वायरमन : फोन थैलीत थरथरत होता. थैली पुढच्या बाकावर ठेवलेली, लाकडावर, म्हणून आवाज जास्त येत होता. मी थैली उघडली. वरच होता तुझा. मी बाजूचं बटण दाबून तो पूर्ण मुका केला, थरथरसुद्धा बंद. मग थैली कपाटात ठेवली.

पाळक : हे तू मला सांगितलं नव्हतंस. थैली उघडलीस?

वायरमन : उघडली.

पाळक : म्हणजे तुला माहीत होतं कुणाचा फोन आहे ते.

वायरमन : होतं. फोनवर लिहून आलं होतं, "बाबा". फोटोही होता, मापाची टेप गळ्यात घातलेला.

भिंगरी : किती वाजले होते?

वायरमन : सहा चाळीस असतील. सिनेमातला तो चोर हॉटेलात आचारी म्हणून लागतो आणि त्याला कांदा चिरता येत नाही, तो भाग चालू होता.

भिंगरी : पहिला फोन सहा अडतीसचा आहे. दुसरा सहा चाळीसचा. म्हणजे तो... ते बझ्झ बझ्झ... भुंगा.

वायरमन : हो.

भिंगरी : "थैलीत भुंगा शिरलाय." मी म्हणाले होते.

वायरमन : हो.

भिंगरी : मीच. आणि सगळे हसले.

वायरमन : हो. आणि मी म्हणालो, अर्पण केलेलं परत काढत नाहीत. तेव्हा आणखी हसले.

भिंगरी : तो भुंगा माझा नाही, असं मी धरून चालले होते. घरी रोज हिशेब लावायचे, भुंगा आला तेव्हा, फोन आला तेव्हा, वेळ जुळतेय, पण नाही, माझा तर मुका होता, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी असणार. बाबा मला हाक मारत होते आणि मी त्यावर विनोद केला.

पाळक : तुला माहीत नव्हतं, बाळ.

भिंगरी : दादांना होतं.

वायरमन : मला वाटलं, रोजच्यासारखं "कधी येतेस" विचारायला करतायत. ते करायचेच ना साडेसहा-सातच्या सुमाराला. मागच्याच महिन्यात मी त्यांना चेष्टेत म्हणालो होतो, काका, पोरगी देवळात आहे, तुरुंगात नाही, दोन तास सोडा तिला. ते हसले होते. मी म्हटलं, आता चांगला भाग आलाय, पुढे तो मालकाला खरं सांगतो, तो भाग तुझ्या हातून जायला नको. सिनेमा मीच निवडला होता त्या भागासाठी. त्यावर नंतर बोलायचं होतं आपल्याला. म्हणून दाबलं बटण. दुसरं काही नाही. एवढंच होतं मनात.

भिंगरी : तीन आठवडे झाले.

वायरमन : हो.

भिंगरी : तुम्ही पेटीला खांदा दिलात. पुढून, उजवीकडून. मी बघत होते. आणि माती टाकून झाल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवलात. काय म्हणालात, आठवतं?

वायरमन : स्वतःला दोष देऊ नकोस.

भिंगरी : ज्या हाताने बटण दाबलंत त्याच हाताने! मला तेव्हा वाटलं, दादा किती चांगले. मला वाटलं, यांना पण ठाऊक आहे की माझीच चूक आहे, तरी मोठ्या मनाने सांगतायत. तुम्ही मला माफ करताय असं वाटलं मला! मी घरी जाऊन रडले त्यावर.

वायरमन : त्या दिवशी तोंड उघडलं होतं मी. दुसरंच निघालं.

भिंगरी : दर सिनेमानंतर विचारायचात आम्हाला. कुणी लपवलं, का लपवलं, त्याची झळ कुणाला लागली. मी सगळ्यात आधी हात वर करायचे. किती हुशार आहे म्हणायचात.

पाळक : राग योग्य आहे तुझा. पण आज तो इथे स्वतःहून...

भिंगरी : काका, तुम्हाला कधी कळलं?

पाळक : काल.

भिंगरी : आणि आज तुम्ही इथे कशाला आलात?

पाळक : दादाशी जरा बोलायला.

भिंगरी : सांगू नको म्हणायला.

पाळक : हो. त्यासाठीच आलो होतो.

भिंगरी : बरं झालं खरं बोललात. दादा, एक सांगा. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकलंय, तुम्ही सांगा. मी लगेच धावत गेले असते तर?

वायरमन : मला माहीत नाही.

भिंगरी : अंदाज.

वायरमन : अंदाज नाही करत. परवा मी इथून तुमच्या घरापर्यंत धावून बघितलं. घड्याळ लावून. तीन मिनिटं लागली. तुझा शेवटचा मिस्ड कॉल किती वाजताचा आहे?

भिंगरी : सात पाच.

वायरमन : मग वेळ होता. वाचले असते की नाही, ते माहीत नाही. पण तू तिथे असतीस. ते एकटे नसते.

पाळक : अरे, काय बोलतोयस! काही तरी दया कर पोरीवर.

भिंगरी : नाही, बोलू दे त्यांना. घरी येऊन सगळे गोड बोलतात. देवाने बोलावलं, वेदना झाल्या नाहीत. पंचवीस मिनिटं माणूस फोन लावत होता, वेदना कशा झाल्या नाहीत? आई त्या शुक्रवारी उशिरापर्यंत कामावर होती, आणि आतून कडी होती. मी माझ्याकडची किल्ली घेऊन, मागच्या दाराने... मला येतं ते दार उघडायला. मला एकटीलाच येतं.

वायरमन : मला माफ कर असं म्हणायची लाज वाटतेय.

भिंगरी : म्हणू नका मग. माझ्याकडे आत्ता नाहीये ते द्यायला.

पाळक : आपण तिघं मिळून प्रार्थना करूया का?

भिंगरी : नको, काका. आत्ता मी डोळे मिटले तर मला तो भुंगा ऐकू येईल. दादा, तुम्ही माझ्या घरी यायचं. आत्ता. आईला सांगायचं, जसं मला सांगितलंत तसं. सहा वाजता येते ती.

वायरमन : येतो.

पाळक : हे बघा, दोघं ऐका. नाही म्हणत नाही मी. रविवारी उपासना आहे, त्यानंतर वडीलमंडळीची बैठक. मला आधी त्यांच्याशी बोलू द्या. बाहेरून कळलं तर हे सगळंच बंद करतील. मग सोमवारी मी स्वतः येतो, तुझ्या आईला नीट शब्दांत...

भिंगरी : नीट शब्द नकोत. आणि सोमवार पण नको. तुम्हाला बैठकीची घाई आहे, काका, मला घरी जायची आहे. आज परत ताट वाढेल ती. मी परत गप्प बसून जेवेन. अजून चार वेळा नाही जेवू शकत मी तसं.

पाळक : मग मी आत्ताच येतो तुमच्याबरोबर. पाळक बरोबर असला तर...

भिंगरी : तुम्ही आलात तर आई खुर्ची पुसून देईल, चहा टाकेल, "बरं आहे" म्हणेल. तुमच्यासमोर ती चिडणार नाही. तिला चिडू दे ना. तीन आठवडे ती माझ्यावर चिडतेय, तीही आवाज न करता.

पाळक : ठीक आहे. मी इथेच थांबतो. रविवारी थैलीचं मी बोलेन. व्यासपीठावरूनच. ती मीच वर धरली होती.

वायरमन : पाळकसाहेब, आधी बोला. मग मी विश्वास ठेवीन.

पाळक : एवढंही नाही का ठेवत?

वायरमन : मी स्वतःवर तरी कुठे ठेवतोय? तीन शुक्रवार मी हॉल उघडला, मुलांना पाणी दिलं, कॅरम मांडला आणि सगळं बरं असल्यासारखा वागलो. एकाही पोराला संशय आला नाही. इतकं छान जमलं मला.

भिंगरी : हॉल बंद करतील?

वायरमन : करतील बहुतेक. निदान माझ्याकडून तरी काढून घेतील.

भिंगरी : त्या चोरीतल्याला कुठे पाठवणार? तो कॅरम खेळायला येतो म्हणून रोज कामावर जातो.

वायरमन : त्याला मी घरी बोलवीन.

भिंगरी : मी येणार नाही आता इथे. चालू ठेवा, बंद करा. माझं काही म्हणणं नाही. आधी आवडायचं मला. शुक्रवारची मी सोमवारपासून वाट बघायचे, बाबांना पण ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी पडदा शिवला. आधी चादरीवर दाखवायचात, तर मधे शिवण दिसायची, सगळ्यांच्या तोंडावर एक रेघ. बाबा म्हणाले, माणसाचं तोंड चिरलेलं दिसतं, असं नको. अखंड कापड आणलं.

वायरमन : आठवतं. काठ दुहेरी घातलाय. हे घे, निघालं. थांब, मी खाली उतरतो, एकटीला पेलणार नाही.

भिंगरी : पेलेल.

वायरमन : जड आहे गं.

भिंगरी : तुम्ही ते टोक धरा, मी हे धरते. घडी नंतर घालू. काका, दार उघडं ठेवाल?

पाळक : ठेवलंय. सांभाळून, पायरी आहे.

वायरमन : भिंगरे, आई मला घरात घेईल का?

भिंगरी : नाही घेतलं तर दारात उभं राहून सांगा. शेजारी ऐकू देत.

वायरमन : ती काय म्हणेल?

भिंगरी : मला काय माहीत? मला तर ती काही म्हणतच नाही. कदाचित तुम्हाला मारेल. कदाचित परत मलाच म्हणेल, मग तू थैलीत टाकलासच कशाला. ते पण खरंच आहे.

वायरमन : असं म्हणाली तर मी...

भिंगरी : तर तुम्ही मधे बोलू नका. तुमचं सगळं सांगून झालं की गप्प राहायचं. सवय आहे तुम्हाला.

वायरमन : बरं.

भिंगरी : आणि दादा, सांगताना माझ्याकडे बघू नका. आईला वाटेल, मीच शिकवून आणलंय.